आधणातलं मीठ

या उन्हाळ्यात जालन्यातल्या एका लग्नाला गेले होते. वांग्याची भाजी, मठ्ठा, जिलेबी यांच्या ओळीत एका टेबलावर पास्ता होता. लग्नाच्या जेवणात आता तो असतोच. पोरं आल्या आल्या तिकडेच धावतात. तिथल्या मुलानं पास्ता सकाळीच उकडून, तेल लावून मोठ्या घमेल्यात ठेवला होता. समोर कुणी प्लेट धरली की तव्यात मूठभर टाकायचा, लाल सॉस ओतायचा, वरून मीठ भुरभुरायचा आणि द्यायचा. मी एक घास घेतला. सॉस खारट लागला आणि त्यातली नळी दाताखाली येताच पूर्ण अळणी. दोन्ही चवी तोंडात वेगवेगळ्या फिरत राहिल्या. त्याला विचारलं, "उकडताना पाण्यात मीठ टाकलं होतं का?" तो म्हणाला, "नाही मॅडम, मीठ शेवटी. चव बघून टाकतो."

मुलगा कामसू होता, हातही स्वच्छ होता. चूक त्याच्या एकट्याची म्हणता येणार नाही. कारण हीच चूक मी चांगल्या शिकल्यासवरल्या घरांत पाहते. मुलांच्या हट्टापायी पास्त्याचं पाकीट आता अंबडच्या, परतूरच्या, भोकरदनच्या किराणा दुकानातही मिळतं. ते घरी येतं, उकडलं जातं आणि आईच्या हातून अळणी होतं. ही तीच आई असते जी कुरडईच्या चिकाला डोळे मिटून बरोबर मीठ लावते. पदार्थ परका वाटला की हातातली विद्या आपण बाजूला ठेवतो आणि पाकिटावरच्या बारीक अक्षरांकडे बघत बसतो. तिथे लिहिलेलं असतं, चवीनुसार मीठ.

मला याचा मनापासून राग येतो. मासिकांतल्या, वर्तमानपत्रांतल्या पाककृतींमध्ये तिखट दोन चमचे, तेल चार चमचे, वेलदोडे सहा असं मोजून दिलेलं असतं आणि मिठाची पाळी आली की "चवीपुरतं". ज्या एका गोष्टीनं पदार्थ तरतो किंवा बुडतो, तिथेच लिहिणाऱ्यानं हात काढून घेतलेला. वरण चाखून मीठ वाढवता येतं, तिथे ही सूट चालेल. आधणात मात्र चालत नाही. आधणातलं मीठ आधी ठरवावं लागतं, कारण दाणा एकदा फुगला की त्याचं दार बंद होतं.

पास्ता कोरडा असतो. उकळत्या पाण्यात पडला की तो पाणी पिऊन फुगतो, शंभर ग्रॅमचा साधारण सव्वादोनशे ग्रॅम होतो. म्हणजे त्यात सव्वाशे ग्रॅमच्या आसपास पाणी शिरलं. ते पाणी खारं असेल तर मीठ त्याच्यासोबत पिठाच्या पोटात जातं. साधं असेल तर पोट अळणीच राहतं आणि मग वरून कितीही मीठ टाका, ते अंगावर बसतं. लग्नातल्या त्या घासात मला लागलं ते हेच.

आता मोजमाप. एक लिटर पाण्याला दहा ग्रॅम मीठ हे इटलीच्या घरांत चालत आलेलं माप, शंभर ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी धरून. आपल्याकडे चहाच्या चमच्यानं सपाट भरलेलं बारीक मीठ साधारण सहा ग्रॅम भरतं. तेव्हा लिटरला दीड चमचा टाकला की झालं. तांब्या प्रत्येक घरी वेगळा असतो, म्हणून एकदा लिटरच्या बाटलीनं आपला तांब्या मोजून ठेवावा. जाडं मीठ वापरत असाल तर चमचा थोडा वर भरावा लागेल, कारण खड्यांच्या मधे पोकळी राहते. चमच्यानं चाखलं तर ते पाणी नीट मीठ पडलेल्या आमटीसारखं लागलं पाहिजे. "समुद्रासारखं खारट" असा एक सल्ला इंग्रजी पुस्तकांतून फिरतो. तो शब्दशः घेऊ नका. समुद्राच्या पाण्यात लिटरला पस्तीस ग्रॅमच्या आसपास मीठ असतं. तेवढ्यात शिजवलेला पास्ता लेकरांना खाववणार नाही.

एवढं मीठ ऐकून घरातली रक्तदाबवाली मंडळी दचकतात. दचकणं योग्यच आहे, पण हिशेब पूर्ण करावा. दहा ग्रॅममधलं बहुतेक मीठ निथळलेल्या पाण्याबरोबर जातं. शंभर ग्रॅम पास्त्यात उतरतं ते ग्रॅम-सव्वा ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ ठेवायला सांगते. त्यातला हा पाचवा-चौथा हिस्सा झाला आणि तो पोटात मुरलेला असल्यानं सॉसमध्ये मीठ बरंच कमी लागतं. ज्यांना डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलंय त्यांनी आधणातलं माप निम्मं करावं. निम्मं केलेलंही वरून भुरभुरलेल्या मिठापेक्षा चवीला सरस लागतं.

आणि मीठ टाकल्यानं पाणी लवकर उकळतं, हा समज सोडून द्यावा. मिठानं पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो, पण लिटरला दहा ग्रॅमनं वाढतो तो एक अंशाच्या पाचव्या हिस्स्याहूनही कमी. उकळायला आलेल्या पाण्यात मीठ टाकलं की ते फसफसून वर येतं. खड्यांच्या खरखरीत अंगावर बुडबुडे धरतात म्हणून तसं दिसतं आणि त्यातून हा समज पसरला असावा. मीठ टाकायची वेळ मात्र तीच, पाणी खळखळल्यावर आणि पास्ता सोडण्याआधी. गार पाण्यात टाकलेलं मीठ स्टीलच्या पातेल्याच्या बुडाशी साचून राहिलं तर तिथे बारीक खड्डे पडतात. माझ्या एका चांगल्या पातेल्याच्या बुडाला ते आहेत. पाणी उकळल्यावर टाकून एकदा ढवळलं की मीठ विरघळून जातं, भांडंही शाबूत राहतं.

हे सगळं आपल्याला परकं नाही, हेच मला सांगायचंय. पास्ता ज्या गव्हाचा होतो तो दुरम, म्हणजे आपला बन्सी. इटलीत 1967 च्या कायद्यानं वाळवलेला पास्ता दुरम गव्हाच्या रव्याचाच असावा असं ठरवून दिलं. आपल्याकडे असं ठरवून द्यावंच लागलं नाही. रवा, शेवया, कुरडया करायच्या तर बन्सी आणायचा, हे बायांना ठाऊकच होतं. कोरडवाहूत, काळ्या रानाच्या ओलाव्यावर येणारा, टणक, पिवळसर दाण्याचा हा गहू. निफाडच्या गहू संशोधन केंद्राचं पंचवटी हे वाण आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचं एमएसीएस 4028 ही दोन्ही दुरमचीच. दुसऱ्यात प्रथिनं 14.7 टक्क्यांच्या घरात आहेत. या प्रथिनांमुळेच शेवई उकळत्या पाण्यात तुटत नाही आणि पास्त्याची नळी फाटत नाही. सिंदखेडराजाकडच्या सोयऱ्यांकडे गेलं की सरगुंडे खायला मिळतात. काडीवर पीठ गुंडाळून वाळवलेले, आतून पोकळ, आमरसासोबत वाढलेले. मकरोनीची नळी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ते सरगुंडेच आठवले होते.

आमच्या घरी शेवया पाटावर व्हायच्या. गहू ओलवून, दळून, कापडातून गाळून रवा आणि सपीट वेगळं करायचं. रव्याचं पीठ भिजवून, तेलाचा हात लावून कुटायचं. मग उतरत्या पाटाला तळहातानं पिठाची वळी घासत न्यायची की तिचा दोरा होऊन खाली उतरायचा. तो दोरा माझी चुलती दोन्ही हातांवर झेलून दोरीवर टाकायची. भिजवायच्या पाण्यात ती किलोला चमचाभर मीठ घालायची. तिला कारण विचारलं तर म्हणायची, "पीठ धरतं." बरोबरच म्हणायची. मिठानं गव्हाच्या पिठातला चिवटपणा आवळून येतो, म्हणूनच दोरा न तुटता लांबतो.

तेव्हा आमच्या शेवईत मीठ आधीच असतं. शंभर ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमहून थोडं जास्त. इटालियन पास्त्याच्या कोरड्या पाकिटात रवा आणि पाणी, बस. मिठाचा कण नसतो. म्हणून पास्त्याच्या आधणाला जे माप, तेच शेवईच्या आधणाला लावलं तर शेवई खारट होईल. तिला निम्मं, गोड खायच्या असतील तर नुसती चिमूट. दूध-साखरेबरोबरच्या शेवयांच्या पाण्यातही चुलती चिमूटभर मीठ टाकायचीच. दुधात मीठ टाकायचं नाही हा दंडक. दुधात मिठाचा खडा पडला म्हणजे काम नासलं, असं आपली भाषाच सांगते. म्हणून जे काही मीठ जायचं ते शेवईच्या पोटात, वेळून टाकायच्या पाण्यातून जायचं. मग दूध ओतायचं. बिनमिठाच्या शेवया आणि चिमूट मिठातल्या शेवया एकदा शेजारी शेजारी ठेवून दुधासोबत खाऊन पाहाव्यात. दुसरी वाटी साखर कमी असूनही जास्त गोड लागते.

कुरडईचं माप याच्या उलट. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक काढायचा, जेवढा चीक तेवढं आधण ठेवायचं. आजी चुलीजवळ बसून सांगायची, "आधी आधनात मीठ, मंग चीक सोड. घट्ट झाल्यावर टाकशील तर गुठळीला लागंल, बाकीचं अळनी." चीक शिजून चकाकायला लागला की लाकडी उलथन्यावरचा घास ती आम्हा पोरांच्या हातावर ठेवायची. तो चीक खायला जरा अळणीच लागायचा. मी एकदा मीठ कमी झालं म्हणाले, तर ती म्हणाली, कमीच पाहिजे. कुरडई उन्हात वाळते, पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. ओल्या चिकात बरोबर लागलेलं मीठ वाळून तळलेल्या कुरडईत जास्तच होतं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. बाजेवरच्या धोतरात वाळणाऱ्या कुरडयांवरून ती शिकली होती.

शेवई, कुरडई आणि पास्ता एकत्र ठेवून पाहिलं की मिठाचा नेम दिसतो. मीठ टाकण्याआधी बघायचं, पाणी शेवटी कुठं जाणार? वेळून टाकणार असाल तर मोकळ्या हातानं मीठ, कारण त्यातलं थोडंच खाल्लं जाणार. सगळं पाणी जिरणार असेल, उपम्यात जिरतं तसं, तर तोंडाला जेवढं हवं तेवढंच. पाणी उन्हात उडणार असेल तर त्याहून कमी. आमच्याकडच्या बाया हे तिन्ही हिशेब करतात. फक्त पास्त्याचं पाकीट हातात आलं की त्यातला कुठला लावायचा ते त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

जालन्यात पाण्याचा हा हिशेब जास्तच महत्त्वाचा आहे, कारण इथे पाणी मोजून येतं. 2012-13 च्या दुष्काळात या जिल्ह्यानं जे भोगलं ते इथला माणूस विसरलेला नाही. अजूनही उन्हाळ्यात कित्येक वस्त्यांवर टँकरची वाट बघावी लागते. अशा घरात अर्धा किलो पास्त्याला पाच लिटर पाणी उकळून मोरीत ओता, असं सांगणारी पाककृती मी देणार नाही. तशी गरजही नाही. शंभर ग्रॅमला अर्धा लिटर पाणी पुरतं, पहिली दोन-तीन मिनिटं ढवळत राहिलं की पास्ता चिकटत नाही. मीठ पाण्याच्या मापानं, म्हणजे पाऊण चमचा. निथळलेलं पाणीही टाकायचं नाही. पुरणाची डाळ शिजवून उरलेल्या कटाची आमटी करणारे आपण, पास्त्याचं पांढुरकं पिठाळ पाणी कसं फेकू? त्यातलं वाटीभर सॉसमध्ये घातलं की सॉस नळीला धरून बसतो, उरलेलं भाजीच्या रश्श्यात किंवा आमटीत जातं. फक्त ते खारं आहे हे लक्षात ठेवून त्या रश्श्याचं मीठ कमी करायचं.

खरी फसगत कुकरमध्ये होते. पाणी वाचावं म्हणून पास्ता मोजक्या पाण्यात कुकरला लावायचा आणि मीठ मात्र कुठेतरी वाचलेलं, लिटरला दहा ग्रॅमचं, टाकायचं. पाणी सगळं जिरतं, मीठही सगळं आतच राहतं. माझ्या बहिणीनं असाच एक डबा शाळेत दिला आणि तिच्या मुलानं तो तसाच परत आणला. जिरवून शिजवायचा असेल तर शंभर ग्रॅमला पाव चमच्याहून कमी मीठ. इतकंसं मीठ पाण्यात टाकताना हाताला फार कमी वाटतं, तरी तेवढंच टाकायचं.

मोजून मीठ टाकायची सवय आपल्याकडे जुनीच आहे. मीठ आपल्या मुलखात पिकत नाही. कोकणातल्या मिठागरांवरून ते घाट चढून बैलांच्या पाठीवर देशावर यायचं. लमाण हा शब्द लवणावरून आला असं म्हणतात. मंठा, परतूर भागातल्या तांड्यांवरच्या लोकांचे पूर्वज याच वाटांनी मीठ आणि धान्य वाहायचे. 1900 च्या सुमारास मनमाड-हैदराबाद लोहमार्ग जालन्यावरून गेला आणि मग बैलांचे ते तांडे थांबत गेले. इतक्या लांबून आलेली वस्तू आमच्या आज्या-पणज्या सांडूच कशी देणार होत्या? चिमटीच्या मापात त्यांचा हात बसला तो त्यामुळे.

आता माझी एक मागणी आहे आणि ती बचत गटांच्या बायांकडे आहे. जिल्ह्यात किती तरी गट शेवया, कुरडया करून विकतात. केंद्राच्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत 2020 पासून यंत्रांसाठी पस्तीस टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत अनुदान मिळत आलंय. त्यातून पास्त्याचं यंत्र घेण्याचा विचार करणारे गट मला भेटलेत. बन्सीचा रवा, नाचणीचा, ज्वारीचा पास्ता, सगळं चांगलं आहे. त्यांच्या पाकिटांचे नमुने मी पाहते. गटाचं नाव, वजन, किंमत, तुळशीचं चित्र आणि मागे "उकळत्या पाण्यात शिजवा, चवीनुसार मीठ". म्हणजे मोठ्या कंपन्यांचा आळस आपण उतरवून घेतला.

जालन्याला हे शोभत नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये महिको या बियाण्यांच्या कंपनीची सुरुवात इथे केली, 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला आणि बियाण्याचं गाव म्हणून जालन्याचं नाव झालं. बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती किती टक्के, शुद्धता किती, चाचणी कोणत्या तारखेची, हे छापावंच लागतं. एकरी बियाणं किती आणि दोन ओळींत अंतर किती, हे इथला शेतकरी दुकानदाराला विचारल्याशिवाय पिशवी उचलत नाही. तिथे कुणी "जमिनीनुसार बियाणं" एवढंच सांगून भागवलं तर त्याच्याकडे दुसऱ्यांदा गिऱ्हाईक फिरकणार नाही. मग हाच माणूस घरी खायला जे पाकीट नेतो, त्याच्यावर मिठाचा आकडा का नसावा? आपल्या पिठात मीठ घातलंय की नाही हे गटाच्या बायांना ठाऊक असतं. म्हणून आधणाला किती लागेल हे त्यांच्याइतकं नेमकं दुसरं कुणी सांगू शकत नाही.

मागच्या महिन्यात बदनापूरकडच्या एका गटात बसले होते. त्यांच्या नव्या पाकिटाचा मजकूर ठरत होता. एकजण म्हणाली, "मिठाचं कोण वाचतंय?" दुसरी, वयानं मोठी, म्हणाली, "माझी सून वाचते. तिला कुणी हातानं शिकवलंय का?" मग चूल पेटवली, लिटरच्या बाटलीनं पाणी मोजलं, चहाचा चमचा मागवला, त्यांच्याच शेवया तीन वेगवेगळ्या मापांच्या मिठात उकडल्या आणि सगळ्यांनी चाखल्या. त्यांच्या पिठात मीठ असल्यानं पाऊण चमच्याचं पातेलं पसंत पडलं, दीड चमच्याचं परत केलं. मजकूर त्यांनी स्वतः सांगितला, मी फक्त लिहून घेतला: "या शेवयांच्या पिठात मीठ आहे. एक लिटर पाणी उकळू द्या. पाऊण सपाट चमचा बारीक मीठ टाकून ढवळा, मग शेवया सोडा. पाणी वेळून काढणार नसाल तर मीठ टाकू नका. दुधासोबत खायच्या असतील तर नुसती चिमूट."